गणित सुटलं म्हणून पेढे वाटू नकोस

चि. मनू,


तुझा मेसेज मामीनं काल जेवताना वाचून दाखवला. ‘मामा, शनिवारी मेजरचा फॉर्म भरायचाय. मायक्रो मेजर, केमिस्ट्री मायनर, गणित सुटलं एकदाचं! चालेल ना?’ आणि पुढे ते नाचणाऱ्या बाईचं चित्र. मामीला हसू आलं. माझ्या घशाखाली आमटी उतरेना. तुला दोन शब्दांचं उत्तर हवं होतं, हे कळतंय मला. पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि करायचं तेच करतेस.  म्हणून आता कागदच धाडतो. कागदाला ‘हो मामा’ म्हणता येत नाही.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. मायक्रोबायोलॉजी मेजर घे, डोळे झाकून घे. सातवीत असताना विरजणाच्या वाट्या ओळीनं मांडून कुठली आधी लागते ते वहीत लिहिणारी पोरगी दुसरं काय घेणार? तुझी आई, म्हणजे आमची आक्का, तेव्हा दूध नासलं म्हणून ओरडली होती, आणि मी तुझी बाजू घेतली म्हणून मलाही दोन शब्द ऐकवले होते. तेव्हा मेजरबद्दल माझी तक्रार नाही. गणित गेल्याचा तुला जो हर्ष झालाय, त्यानं माझी झोप उडवली.

तुमचं नवं शैक्षणिक धोरण मी नीट वाचून काढलंय, हसू नकोस. पहिल्या वर्षाला तीन विषय सारख्या वजनाचे. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसऱ्याला रामराम. तुझ्या कॉलेजात सूक्ष्मजीव, रसायन आणि गणित हे त्रिकूट मिळालं हेच मोठं नशीब. पुष्कळ ठिकाणी जीवशास्त्राच्या पोरांना गणिताच्या वर्गाकडे फिरकूही देत नाहीत. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, चौथं वर्ष केलंस तर 160 ते 176. त्यातला मोठा घास मेजरचा. उरलेल्यात भाषा, कौशल्यं, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असं बरंच काही. आणि ते जे ओपन इलेक्टिव्ह आहेत, ते आपल्या शाखेबाहेरचे घ्यावे लागतात. म्हणजे विज्ञानाच्या पोरीनं गणित सोडलं, की त्या दारानं ते परत येत नाही. सोडायला एक खूण पुरते, मनू. परत मिळवायचं म्हटलं तर काय काय करावं लागतं, ते पुढं सांगतो.

तू म्हणशील, जंतूंना कशाला हवं गणित? ऐक. आमच्या साखर कारखान्याची लॅब तू पाहिली आहेस, पण तेव्हा तुझं सगळं लक्ष गरम काकवीकडे होतं. आमचं रोजचं काम म्हणजे रसाचा ब्रिक्स आणि पोल काढणं. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं एकूण काय ते. पोल म्हणजे त्यातली साखर, आणि ती मोजायची प्रकाशानं. रसात लेड सबअॅसिटेटची चिमूट टाकून गाळ बसवायचा, गाळून घ्यायचा, तो नितळ रस लांब काचेच्या नळीत भरायचा आणि पोलरीमीटरमध्ये ठेवायचा. साखरेचा रेणू ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतो. जितकी साखर जास्त, तितका कोन मोठा. पोलला ब्रिक्सनं भागून शंभरानं गुणलं की रसाची शुद्धता आली. या एका नळीत वनस्पतिशास्त्र आहे, रसायन आहे, पदार्थविज्ञान आहे. आता तुझे जंतू येऊ देत.

तोडलेला ऊस उन्हात गव्हाणीबाहेर दोन-तीन दिवस पडला, की त्याच्या कापलेल्या तोंडातून ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आत शिरतो. तुझ्या पुस्तकात असेल तो. साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करून ठेवतो. रस बोटाला तार धरायला लागतो. आता गंमत बघ. हा डेक्स्ट्रान प्रकाशाला उजवीकडेच वळवतो, आणि साखरेच्या जवळजवळ तिप्पट! म्हणजे साखर खाल्ली जातेय, आणि काटा सांगतोय की साखर भरपूर आहे. नवा पोरगा लॅबमध्ये खूश, कारण ऊस शिळा असूनही पोल झकास. पुढे पॅनमध्ये साखरेचा दाणा लांबट, सुईसारखा पडायला लागला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ही चोरी पकडतं कोण? सूक्ष्मदर्शक पकडत नाही, कारण तोवर कुणाला संशयच नसतो. पकडते ती हिशेबाची वही. उसातून आलेली साखर किती, पोत्यात किती गेली, बगॅसमध्ये किती, प्रेसमडमध्ये किती, मळीत किती. आणि आलेल्या साखरेतून या बाकी सगळ्याची बेरीज वजा करून जे उरतं ती ‘अज्ञात घट’. ती घट फुगलेली दिसली, की जाणता माणूस उठून थेट गव्हाणीकडे जातो आणि ऊस किती तासांचा आहे ते विचारतो. फुगलीय म्हणजे खरंच फुगलीय, की नमुना घेण्यातलीच रोजची वरखाली आहे, हे ज्याला कळतं तोच जाणता. ही जाण गणितातून, संख्याशास्त्रातून येते. तुझ्यासारखी मायक्रोबायोलॉजिस्ट कारखान्यात आली आणि तिला ही वही वाचता आली नाही, तर ती जंतूचं नाव लॅटिनमध्ये सांगेल आणि चोर निवांत साखर खात बसेल.

कारखाना तुला जुनाट वाटत असेल, तर तुझ्याच विषयातली गोष्ट घे. 1943 साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी एक प्रयोग केला. लुरिया जीवशास्त्राचा माणूस, डेलब्रुक मूळचा पदार्थविज्ञानाचा. जिवाणूंवर विषाणू सोडला की बहुतेक मरतात, थोडे जगतात. प्रश्न असा, की जगलेल्यांना ती ताकद विषाणू अंगावर आल्यावर मिळाली, की आधीच कुणा-कुणात आपोआप बदल होऊन बसला होता? दिसायला दोन्ही सारखंच. मग ओळखायचं कसं? लुरियाला युक्ती सुचली ती एका पार्टीत, सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकत होता ते बघताना. बहुतेक वेळा काही नाही, आणि मधेच घबाड! बदल आधी झाला असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंतही असंच व्हायला हवं: पुष्कळ नळ्यांत जगलेले थोडेच, आणि एखादीत एकदम रीघ. संपर्कानं ताकद येत असेल, तर सगळ्या नळ्या साधारण सारख्या निघतील. त्यांनी नळ्या लावल्या, बश्यांवरचे ठिपके मोजले, आणि नळ्यानळ्यांतला फरक सरासरीपेक्षा कितीतरी मोठा निघाला. म्हणजे बदल आधीच झालेला. डेलब्रुकनं त्याचं गणित मांडलं. 1969 चं नोबेल मिळालेल्या तिघांत हे दोघे होते. या प्रयोगाला लागलं काय? काचेच्या नळ्या, पोषक आगर आणि संभाव्यता. पहिल्या दोन वस्तू तुझ्या कॉलेजात आहेत. तिसरी तू शनिवारी परत करायला निघालीयेस.

रोजचंच बघ ना. एक ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होत गेला, तर दहा तासांत एकाचे 107 कोटी. तो आलेख साध्या कागदावर काढलास तर भिंतीसारखा उभा, लॉगमध्ये काढलास तर सरळ रेघ. आणि त्या रेघेच्या चढावरून वाढीचा वेग. बशीवर 30 ते 300 वसाहती असतील तरच मोजायच्या, हे तुमच्या बाई सांगतात आणि तुम्ही जर्नलमध्ये उतरवून घेता. 30 च का, हे कुणी विचारतं? पाण्याच्या तपासणीतला एम.पी.एन.चा, म्हणजे जिवाणूंच्या सर्वाधिक संभाव्य संख्येचा, तक्ता तर सगळा संभाव्यतेतूनच आलेला. तो समोर ठेवून आकडा उचलणं तंत्रज्ञाला जमतं. मला माझी भाची तक्ता बनवणाऱ्यांत हवी.

आणि ही ‘बायोवाल्यांना गणित नको’ची रीत आपल्याकडे आली कुठून? निसर्गात अशी कुंपणं नाहीत. दहावीचा निकाल लागला की घराघरात वाटणी होते: हा नीटचा, ही जेईईची. नीटला गणित नाही, म्हणून बायोवाल्यांनी ते सोडायचं. पुढे लाखो पोरं डॉक्टर होत नाहीत, बी.एस्सी.ला येतात, पण त्या परीक्षेनं पाडलेली भेग आयुष्यभर घेऊन फिरतात. गणित सोडलं म्हणून पोरी पेढे वाटतात, आणि पोरींनी सोडलं तर कुणाला वावगं वाटत नाही, हे तर मला अजिबात सहन होत नाही. आक्काचं गणित असंच सुटलं, हे तुला ठाऊकच आहे. ती विषय निघाला की भाजी निवडायला घेते. पण तिची बीजगणिताची वही अजून पेटीत आहे, आणि ती मी रद्दीत जाऊ दिलेली नाही. तुझ्या गणिताबद्दल मी इतका का तापतो, हे तुला यातूनच कळावं.

असो. भरकटलो. मामी म्हणतेय, पत्र आहे की फाइल?

तर माझं म्हणणं, मेजर मायक्रो आणि मायनर गणित. हो, रसायन सोड, असं एक केमिस्ट तुला सांगतोय. जीवरसायन तुझ्या मेजरमध्ये थोडंफार येतंच, गणित आपण होऊन कुठेच येत नाही. पण हे लिहिलं आणि लगेच मनात धाकधूक सुरू झाली. उद्या तुला रसायनात एम.एस्सी. करावीशी वाटली तर? रसायन शेवटपर्यंत नसेल तर ते दार बहुतेक ठिकाणी बंद. औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला अर्ज केलास आणि त्यांनी रसायन विचारलं तर? दोन्ही बाजूंनी विचार केला की डोकं दुखायला लागतं. मग मी वेंकी रामकृष्णन यांची आठवण काढतो. 1971 ला बडोद्याहून भौतिकशास्त्राची पदवी, 1976 ला भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट. त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला बसले, आणि रायबोसोमच्या रचनेसाठी 2009 चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं! मेजर म्हणजे जन्मठेप नव्हे, एवढा दिलासा त्यातून घे. पण हेही बघ, की ते आकडेमोडीच्या बाजूनं जिवाच्या बाजूला आले. उलट्या दिशेनं जाणं फार जड जातं, माझ्या पाहण्यात तरी.

आणखी एक काळजी. या धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. अडलेल्या पोरांसाठी ती चांगलीच आहे. पण तुझ्या बाबांच्या कानावर ती जाऊ देऊ नकोस. ‘डिप्लोमा झालाच आहे, आता स्थळं बघू’ हे वाक्य मला आत्तापासून ऐकू येतंय. तू तीन वर्षं पुरी करायची आणि शक्य तर चौथंही. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, हे भिंतीवर लिहून ठेव. शेवटच्या वर्षी धावून ते भरून निघत नाहीत.

शनिवारच्या आत चार कामं कर. तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरचे अभ्यासक्रम उतरवून घे, नुसती नावं वाचू नकोस, आत काय शिकवतात ते वाच. लॅबमध्ये जाऊन ऑटोक्लेव्ह आणि इन्क्युबेटर खरोखर चालतात का, की नुसते पुसून ठेवलेत, ते तिथल्या शिपाईमामांना विचार; सर सांगणार नाहीत, ते सांगतील. मायक्रोची प्रॅक्टिकलं आणि गणिताचे तास एकाच वेळी येतात का, हे ऑफिसातून लिहून घे. तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस, जुलैत वेळापत्रक लागतं तेव्हा सगळ्यांची स्मृती जाते. आणि तास जुळतच नसतील, तर रसायन मायनर ठेव, पण संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलस ‘स्वयं’ या ऑनलाइन पोर्टलवर कर. विद्यापीठाला सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून मान्य करता येतात. तुमचं कॉलेज करतं का ते विचार, आणि नाही म्हणालं तरी कर. पण खरं सांगू? घरी बसून एकटीनं गणित करणं म्हणजे रोज स्वतःशी भांडण. वर्ग मिळत असेल तर वर्गच घे.

फॉर्मवर सही करण्याआधी आक्काला फोन कर. मायक्रो-बियक्रो काही समजावू नकोस तिला. तुझ्या जागी असतीस तर तू काय घेतलं असतंस, एवढंच विचार. ती टाळेल, ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणेल. तरी फोन ठेवू नकोस. ती जे सांगेल ते माझ्या या सगळ्या पानांपेक्षा वरचढ मान, आणि ते माझ्या विरुद्ध निघालं तरी मला कळव.

तुझा,
मामा

ता.क. मेसचं बंद करून खोलीवर मॅगी खातेस हे मला कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. मामीनं चटणी आणि लाडू दिलेत, एस.टी.नं पाठवतोय. डबे परत आण, गेल्या वेळचे दोन अजून आले नाहीत.