हसणार कोण आणि हसं कोणाचं?

चळवळीत सिनेमा-टीव्हीचा विषय निघाला की कोणीतरी ज्येष्ठ कार्यकर्ता हमखास म्हणतो, "ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे, आणि तुम्ही कॉमेडी शो काय बघत बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण आम्ही बघतो. नागराज मंजुळेंचा सिनेमा पहिल्या दिवशी बघतो, साउथचे सिनेमे हिंदीत डब झालेले बघतो, रात्री जेवताना हास्याचे कार्यक्रम बघतो, बसमध्ये उभ्याउभ्या रील्स बघतो. बघतो म्हणूनच बोलतो. वस्तीतल्या ज्या पोराने जातीवर एकही पुस्तक वाचलेले नाही, त्यानेही जातीवरचे शेकडो विनोद ऐकलेले असतात. त्याला पुस्तकाआधी विनोद भेटतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पडद्यावर आपण दिसतो की नाही एवढेच मोजून भागणार नाही. पडद्यावर हसते कोण आणि हसतात कोणावर, हेही तपासले पाहिजे.

आपण पडद्यावर नव्हतो असे नाही. 1936 साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. त्यातली कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते. 1959 साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यातली सुजाता सांभाळणाऱ्या आईला स्वतःचे रक्त देते, तेव्हा कुठे ती त्या घरची मुलगी ठरते. म्हणजे पडद्यावर प्रवेश हवा तर एक जीव द्या, नाहीतर रक्त द्या! 2019 च्या 'आर्टिकल 15' मध्ये लढणारा दलित तरुण निषाद मारला जातो आणि न्याय मिळवून देतो तो ब्राह्मण आयपीएस अधिकारी. याच सिनेमात तो साहेब रस्त्यात उभा राहून हाताखालच्या पोलिसांना एकेकाची जात विचारतो. प्रसंग विनोदी आहे, थिएटरात हशा पिकतो. दिग्दर्शकाचा हेतू जातव्यवस्थेचा हास्यास्पदपणा दाखवण्याचा आहे, हे मान्य. पण ज्याला जात माहीत नसली तरी चालते, त्यालाच ती गंमत वाटू शकते. नोकरीच्या पहिल्या दिवशी "पूर्ण नाव सांगा" हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला त्या प्रसंगात हसावे की गप्प बसावे, हे कळत नाही.

सिनेमात आपल्या वाट्याला निदान अश्रू तरी आले. विनोदात आपण आलो ते फक्त विषय म्हणून. आडनाव आले की हशा, रंग काळा असला की हशा, मराठवाड्याची किंवा वऱ्हाडाची बोली तोंडात आली की हशा, कामवालीने इंग्रजी शब्द वाकडा उच्चारला की हशा. कार्यक्रमांची नावे बदलतात, ठोकळे तेच राहतात. यात काम करणारे कितीतरी कलाकार साध्या, कष्टकरी घरांतून आलेले आहेत. त्यांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा सवाल लिहिणाऱ्यांच्या टेबलाला आहे. त्या टेबलाभोवती आपल्यातले किती जण बसतात?

आणि हा हशा टीव्हीत राहत नाही, तो कॉलेजात येतो. आमच्यातल्या बहुतेकांनी होस्टेलवर "तुमचा कट-ऑफ किती होता रे?" हा प्रश्न ऐकला आहे. विचारणाऱ्याला कट-ऑफ माहीत असतो, त्याला उत्तर नको असते, आजूबाजूच्या चौघांचे हसणे हवे असते. आपण चिडलो की तो म्हणतो, "अरे, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतोस?" शिवी दिली तर तक्रार करता येते. गमतीची तक्रार केली तर आपल्यालाच विनोदबुद्धी नाही असे ठरते. जातीचा अपमान आज सर्रास या गमतीच्या आडून होतो. 2021 साली मायावतींवरचे जुने विनोद लोकांनी उकरून काढले, तेव्हा नामवंतांना जाब द्यावा लागला. पण जेव्हा ते विनोद केले गेले, तेव्हा समोर बसलेले लोक हसले होते. त्या हसणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही.

हा प्रकार आजचा नाही. खुद्द बाबासाहेब त्यातून सुटले नाहीत. उन्नामती स्यामसुंदर यांनी 1932 ते 1948 या काळातली, इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली व्यंगचित्रे गोळा करून 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक 2019 साली आणले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने बघावे. त्या काळातले नावाजलेले व्यंगचित्रकार बाबासाहेबांना काढतात तेव्हा ते बुटके असतात, कधी हट्टी मूल असतात, कधी बाई असतात. ज्या माणसाच्या विद्वत्तेला उत्तर देता येत नव्हते, त्याची उंची कागदावर कमी करून घेतली! शंकर यांचे 1949 चे, गोगलगायीवर बसलेल्या बाबासाहेबांचे आणि मागे चाबूक घेतलेल्या नेहरूंचे व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. 2012 मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, तेव्हा अनेक विद्वानांनी आपल्याला 'विनोद समजून घ्यायला शिका' असा उपदेश केला. पुण्यात एका प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, तो आमचा मार्ग नाही. पण विनोद आम्हाला समजत नाही, हे साफ खोटे आहे. आम्हाला तो नको इतका समजतो.

हसण्यातली ही हिंसा ओळखणारे सिनेमे मराठीतच निघाले, याचा आम्हाला अभिमान आहे. 'फँड्री'चा शेवट आठवा. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते आहे आणि गाव क्रिकेटची मॅच बघावी तसे बसून हसते आहे. आम्ही हा सिनेमा विहारात प्रोजेक्टर लावून दाखवला, तेव्हा त्या प्रसंगाच्या सुरुवातीला समोरची लहान पोरे खिदळत होती. मागून एक आजी म्हणाली, "हसू नका रं, ते आपलंच पोर हाय." पोरे गप्प झाली. शेवटी जब्याचा दगड कॅमेऱ्यावर येतो. तो दगड गावाला आहे, तसाच खुर्चीत बसून हसणाऱ्या प्रेक्षकालाही आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली! ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते, 2021 साली कोरोनाने गेले. याच सिनेमात सरकारी वकीलबाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालली आहे आणि सारे प्रेक्षागृह हसते आहे. ताम्हाणे त्यावर काहीही भाष्य करत नाहीत. शाहिराचे गाणे गुन्हा ठरते आणि ते हसणे करमणूक ठरते, एवढे दाखवून पुढे जातात.

मग आपण करायचे काय? काही मित्र म्हणतात, निवेदन द्या, बंदी आणा, भावना दुखावल्या म्हणून गुन्हा नोंदवा. जिथे कायद्याने गुन्हा होतो तिथे जरूर नोंदवा. पण रोजच्या हशाला निवेदन पुरत नाही. शिवाय 'भावना दुखावल्या' हे हत्यार कोणाच्या हातात जास्त चालते, ते आपण बघतोच. 2025 साली 'फुले' चित्रपट ऐन जयंतीच्या 11 एप्रिलला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले, आणि सिनेमा दोन आठवडे पुढे गेला. कात्रीची मागणी आपण करायची आणि ती चालणार आपल्याच गळ्यावर!

आपला मार्ग वेगळा आहे आणि तो जुना आहे. जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले, त्यात विदूषक आहे. कुणबी जोडप्याला भुलवून लुबाडणाऱ्या जोशाची पोल तो विदूषक खोलतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र होता, जोतीरावांनी त्याला शूद्रांच्या बाजूला आणून उभा केला. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले, यातच काय ते आले. पुढे सत्यशोधक जलशांनी भटजी-शेटजींना भर चावडीवर हास्यास्पद केले. मग भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाची चौकट घेतली, पण त्यातला विनोद पोटजात पाळणाऱ्यावर, कर्ज काढून देवकार्य करणाऱ्यावर फिरवला. तमाशाचा सोंगाड्या तर पाटलाला पाटलाच्याच गावात टोमणे मारून जात असे. महाराष्ट्राला हसायला शिकवले ते याच माणसांनी. आज त्यांच्या नातवंडांना कॉमेडीच्या मंचावर विषय म्हणून बोलावले जाते.

म्हणून आम्हाला दुःखाचे सिनेमे हवेत, तसेच आनंदाचेही हवेत. 'सैराट' आमच्या काळजाला लागला तो शेवटच्या रक्तामुळेच नाही. परश्या, सल्या, प्रदीप यांची चेष्टामस्करी आधी आपण जगलो, त्यांच्याबरोबर हसलो, म्हणून शेवट सोसवत नाही. 'झुंड'मध्ये भीमजयंतीची पोरे नाचतात, तेव्हा ती कोणाचीही दया मागत नसतात. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात नीरज घेवान यांनी बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले. ती नवरी पडद्यावर रडून सहानुभूती मागत नाही, स्वतःच्या पद्धतीने लग्न करण्याचा हक्क मागते आणि आनंदाने लग्न करते.

तेव्हा तरुण मित्रांनो, वस्तीत स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालवता, तसा महिन्यातून एक दिवस लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या पोरापोरींना माईक द्या. जयंतीच्या वर्गणीवरचे, डीजेच्या भांडणावरचे, आपल्याच पुढाऱ्यांच्या चौदा गटांवरचे विनोद त्यांना करू द्या. आधी स्वतःवर हसता आले की मग वरच्यावर हसायची ताकद येते. "घरभाड्याला गेलो, मालक म्हणाला व्हेज आहात ना" यावर आपल्यातल्या पोरीने पाच मिनिटे बोलावे आणि हॉलभर लोकांनी मालकावर हसावे, अशी संध्याकाळ आम्हाला बघायची आहे. मोर्चात घोषणा देणारा गळा आपल्याकडे आहेच. खळखळून हसणारा गळाही तोच आहे, तो दुसऱ्याला भाड्याने देऊ नका.

जय भीम!