नाव द्या, नावं ठेवू नका

दुसऱ्याला नावं ठेवताना आपण कधी कंटाळत नाही. पण घरातल्या वस्तूला नाव द्यायची वेळ आली की आळस आडवा येतो. पूर्वी ते चालूनही जायचं. घरात एक रेडिओ, फार झालं तर एक फोन, त्यांना नाव कशाला हवं? आता मात्र चौघांच्या साध्या घरातही वायफायवर दहा-बारा उपकरणं सहज असतात. मोबाइल, टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर, एखाद्या घरी तर गीझरसुद्धा! राउटरच्या यादीत यांतली कितीतरी उपकरणं बारा अंक-अक्षरांच्या पत्त्यानेच दिसतात. हा पत्ता माणसाने वाचावा म्हणून बनवलेलाच नाही.

इंदूरमधल्या एका मराठी घरात या आळसाची किंमत आईला मोजावी लागली. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त बंगळुरूला, लेक पुण्याला. वडिलांचा तोल जातो म्हणून जिन्याजवळ एक आणि देवघरासमोर एक असे दोन कॅमेरे लावलेले. राउटर मुलगाच बंगळुरूहून मोबाइलवरच्या ॲपमधून सांभाळायचा. एका रात्री यादीत त्याला एक अनोळखी पत्ता दिसला. शेजारचं कुणीतरी फुकट वायफाय वापरतंय असं वाटून त्याने तो ब्लॉक करून टाकला.

तो आईचा फोन होता. लेकीने दिवाळीला दिलेला, नवा कोरा.

घरी वायफाय असताना नेटच्या पॅकवर पैसे कशाला घालवायचे, असा आईचा हिशेब. त्यामुळे रविवारचा लेकीचा व्हिडिओ कॉल लागलाच नाही. लेकीला वाटलं, मागच्या वेळच्या बोलण्याचा आईला राग आलाय. आईला वाटलं, आपल्याच हातून भलतं काहीतरी दाबलं गेलं. पोराला कामात कशाला त्रास द्यायचा, म्हणून ती चार दिवस गप्प राहिली. वयस्कर माणसं यंत्राला दोष देत नाहीत, स्वतःला देतात.

पुढच्या आठवड्यात सून इंदूरला आली. ब्लॉक केलेला पत्ता सासूबाईंच्या फोनमधल्या पत्त्याशी जुळला, तेव्हा पलीकडे मुलगा फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही.

मग सासू-सून यादी घेऊन बसल्या. युक्ती सोपी होती. एकेक वस्तू बंद करायची, थोडं थांबायचं आणि यादीतली कुठली ओळ गेली ते पाहायचं. मुलाने कॅमेऱ्यांना 'कॅम-एक', 'कॅम-दोन' अशी नावं सुचवली, ती सासूबाईंनी तिथल्या तिथे उडवून लावली. "कॅम-एक म्हणजे कुठला गं? सरळ जिना म्हण की!" त्यांचंच खरं होतं. ज्याला ती वस्तू रोज बघायची, त्याच्या तोंडातलं नाव हवं. ॲप मराठी अक्षरं घेईना, म्हणून रोमन अक्षरांत 'जिना', 'देवघर' लिहिलं. वस्तूंवर त्याच नावाच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या.

फोनच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता न देता तात्पुरता, बनवलेला पत्ता देऊ शकतात. स्टेशनवर, बाजारात कुणी आपला माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण पत्ता बदलला की दिलेलं नाव वाया जातं. घरच्या वायफायपुरती ती बंद ठेवता येते. असा पत्ता ओळखायची खूणही आहे: त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं.

ही काही फक्त घरगुती उठाठेव नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यावरच्या संगणकांचे क्रमांक आणि नावं यांची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. ती आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली. मोठ्या कॉलेजात वायफायचे अनेक डबे सांभाळणारे तंत्रज्ञही सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक पत्त्यासमोर एक टोपणनाव लिहून ठेवतात. त्याला ते 'एलियस' म्हणतात. डबा बदलला की त्या एका ओळीतला पत्ता तेवढा बदलायचा; बाकी कामं जुन्याच नावाने चालतात.

इंदूरच्या यादीत शेवटी एक ओळ उरली. घरातली एकूण एक वस्तू बंद करून पाहिली, तरी ती हलेना. बाकी सगळ्यांना नावं मिळाली होती म्हणूनच ती डोळ्यांत भरली. मुलाने त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आईचा फोन आला, "अरे, टीव्ही लागला, देवघर दिसतंय. जिना तेवढा राहिलाय बघ."