राखण

सुगीच्या दिवसांत पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुले कोण, हे मला हजेरीपट न पाहताही सांगता येते. ती नदीकाठच्या मळ्यांतली मुले. रात्रभर बापाबरोबर माळ्यावर बसून, पत्र्याचा डबा बडवून ती रानडुकरे हाकलतात आणि सकाळी दप्तर घेऊन शाळेत येतात. त्यांच्यावर रागवायला मन धजत नाही. भुईमुगात एकदा कळप शिरला की सकाळी नांगरट केल्यासारखी जमीन तेवढी उरते.

शाळेत मी बरीच वर्षे एन.सी.सी. सांभाळली. त्यामुळे दरवर्षी कोणीतरी पालक विचारतातच, "सर, ती पॉइंट टू टू घेऊन एक रात्र मळ्यात या की! चार आडवी झाली की बाकीची फिरकायची न्हाईत." शाळेची रायफल मळ्यात नेता येत नाही, हे तर खरेच, पण मी त्यांना बसवतो, चहा देतो आणि त्या रायफलीची कुवत सांगतो. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. मुले तिने पंचवीस यार्डांवरच्या कागदावर नेम धरतात. पोक्त नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड कवच असते. अंधारात, पळत्या जनावरावर सुटलेली अशी गोळी बहुधा त्याला मारत नाही, नुसते जखमी करते. ते उसात शिरून तडफडत मरते, नाहीतर सकाळी पाणी पाजायला गेलेल्या माणसावर मुसंडी मारते.

कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी नाव येते ते ठासणीच्या बंदुकीचे. पॉइंट टू टू रायफल क्लबातल्या नेमबाजीसाठी. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पण अर्ज, पंचनामा, हेलपाटे यांत सुगी निघून जाते. मग माणसे चोरून तारेत करंट सोडतात, पिठाच्या गोळ्यात बॉम्ब ठेवतात. शेजारच्या गावात अशाच तारेला चिकटून एक राखणदार गेला. त्याचा मुलगा आमच्या नववीत होता. त्या दिवसापासून बंदुकीचा विषय मी हसण्यावारी नेत नाही.

अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यांत रानडुकरांची सर्रास शिकार होते. पण डुक्कर तिथले मूळचे नव्हे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते तिकडे नेले. आपल्याकडचे डुक्कर इथलेच. बदामीच्या चालुक्यांनी वराह राजचिन्ह म्हणून मिरवला, आणि ज्याला आपण होन म्हणतो त्या नाण्याला कन्नडात वराह म्हणत. मग आजच ते इतके डोईजड का झाले? आमच्या लहानपणी निपाणीच्या चहूकडे तंबाखू असे. तंबाखूत डुकराला ना खायला काही, ना वर्षभर दडायला जागा. पुढे नद्यांचे पाणी शिवारात आले, ऊस वाढला. वर्षभर उभा असलेला ऊस म्हणजे डुकराला घर, अन्न आणि सावली, तिन्ही एकाच जागी. आपणच त्याला ओसरी दिली आणि आता बंदूक शोधतो आहोत.

सीमा तर त्याला ठाऊकच नाही. ओढ्याच्या अलीकडे ते काडुहंदी, पलीकडे रानडुक्कर. भरपाईचा अर्ज अलीकडे कन्नडात, पलीकडे मराठीत. आमच्या पालकांचे अर्ज शाळेतले कन्नडचे गुरुजी लिहून देतात. पिकाचा तपशील मी सांगतो. त्या अर्जावर बसलेले असताना भाषेचा वाद कोणी काढल्याचे मला आठवत नाही.

वाचकहो, माझे मागणे एवढेच आहे. मारण्याची वेळ आलीच, तर ते परवानगीने, योग्य बंदुकीने आणि सरावलेल्या हाताने व्हावे. बाकी राखण गावाने मिळून, पाळी लावून करावी. एकट्याच्या वाफ्यातून हाकललेले डुक्कर शेजाऱ्याच्याच वाफ्यात जाते.