डास, दया आणि दक्षता

चातुर्मासाचा आणि डासांचा काळ एकच असतो. आषाढात जमीन ओली झाली की जीवोत्पत्ती वाढते. पावलागणिक विराधना होऊ नये म्हणून साधू-साध्वीजी विहार थांबवून एका स्थानी स्थिर होतात. त्याच ओलाव्यावर आपल्या घरांच्या आसपास डासांची पैदास सुरू होते. परिणामी, ज्या चार महिन्यांत आपण जीवदयेचे प्रवचन सर्वाधिक ऐकतो, त्याच चार महिन्यांत आपल्या घरांत कीटकनाशकांचा वापरही सर्वाधिक होतो. प्रवचनाहून परतल्यावर आपण दारे-खिडक्या लावतो आणि विजेवर चालणारे औषधी द्रव्य सुरू करतो. ही विसंगती सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आली नसेल असे मला वाटत नाही. परंतु तिच्याविषयी आपण मोकळेपणाने बोलत नाही.

डास हा चतुरिंद्रिय जीव. बावीस परीषहांमध्ये ‘दंशमशक’ हा एक परीषह स्वतंत्रपणे सांगितला आहे. म्हणजे डासांचा उपद्रव आपल्या पूर्वाचार्यांना चांगलाच परिचित होता. साधूने तो समभावाने सहन करावा अशी अपेक्षा आहे. पण गृहस्थाचे काय? तान्ह्या नातवाच्या अंगावर उठलेली गांधी पाहून आजीने समभाव धरावा, असे कोणताही धर्म सांगणार नाही. डेंग्यूच्या तापात मुलाच्या प्लेटलेट्स उतरू लागल्या की घरातील मंडळी किती हवालदिल होतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावी महासतीजींचा चातुर्मास होता. श्रावणाच्या अखेरीस स्थानकाच्या गल्लीत तीन घरांत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि पाठोपाठ एका लहान साध्वीजींना ताप आला. तपासणीत डेंग्यूच निघाला. पर्युषण तोंडावर आलेले. संघाची तातडीची बैठक बसली. तरुण कार्यकर्त्यांचा आग्रह होता की खासगी कंत्राटदार बोलावून स्थानकात आणि गल्लीत दर दोन दिवसांनी धूरफवारणी करून घ्यावी. ज्येष्ठ महासतीजींनी शांतपणे पण ठामपणे निरोप दिला, ‘आमच्या निमित्ताने ही हिंसा होऊ नये.’ एक तरुण व्यापारी उद्वेगाने म्हणाला, ‘काका, उद्या लहान महाराजसाहेबांना काही झाले तर उत्तर कोण देणार?’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. बँकेतील सेवेमुळे मला नोंदवहीची सवय आहे म्हणून असेल, हा विषय अभ्यासण्याचे काम माझ्याकडे आले.

अभ्यासाअंती पहिली गोष्ट स्पष्ट झाली ती अशी की, धूर हा दिसायला जितका प्रभावी तितका परिणामाला नसतो. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा पायांवर पांढरे पट्टे असलेला डास दिवसा चावतो आणि बहुतेक वेळ घरातच, पडद्यामागे, कपाटाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसून राहतो. रस्त्यावरचा धूर तेथवर फारसा पोहोचत नाही. जो पोहोचतो तो उडणाऱ्या डासांपुरताच. पाण्यातील अळ्या, कोष आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी यांना त्याची झळ लागत नाही. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे आज फवारणी केली तरी आठवडाभरात नवी पिढी हजर. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर, हे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज फेडत राहण्यासारखे आहे. हिंसा होते ती होतेच, आणि खात्यावरची बाकी मात्र तशीच राहते.

मग मुद्दल कोणते? साचलेले पाणी. डास कोणत्याही जातीचा असो, त्याची अंडी, अळी आणि कोष यांना पाण्यावाचून गत्यंतर नाही. एडिसला घरातील स्वच्छ पाणी चालते. रात्री चावणाऱ्या क्युलेक्सला गटार आणि संडासाची टाकी प्रिय. शहरांत मलेरिया पसरविणारा ॲनोफिलिस स्टेफेन्सी विहिरीत आणि गच्चीवरच्या टाकीत वाढतो. पाणी झाकले किंवा आटवले तर मारण्याजोगा जीव उत्पन्नच होत नाही. अहिंसेच्या दृष्टीने याहून निर्दोष उपाय मला दिसत नाही.

हे ध्यानात आल्यावर मी साध्वीजींच्या दिनचर्येकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो. त्या रात्री पाणी ठेवत नाहीत. उरलेले पाणी परठवायचे तर कोरडी, निर्जीव जागा पाहून, पसरून परठवितात. वस्त्रे आणि पात्रे यांचे दिवसातून दोन वेळा प्रतिलेखन करतात; प्रत्येक वस्तू डोळ्यांखालून गेल्याखेरीज वापरात येत नाही. डासांची पैदास रोखण्याचे संपूर्ण शास्त्र या तीन नियमांत आहे. त्यांच्या खोलीत डास जन्मत नव्हता. तो जन्मत होता आम्हा श्रावकांच्या व्यवस्थेत.

तेव्हा आम्ही ठरविले की दर रविवारी सामायिकानंतर स्थानकाचे आणि गल्लीतील प्रत्येक घराचे ‘प्रतिलेखन’ करायचे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्याच न्यायाने दोघांची जोडी, हातात वही आणि बॅटरी. पहिल्या रविवारी जे दिसले ते उद्बोधक होते. स्थानकाच्या गच्चीवरील टाकीचे झाकण एका बाजूला तडकलेले होते. त्यापेक्षाही मनाला लागली ती पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची कुंडे. उन्हाळ्यात आपण पुण्यभावनेने ती ठेवतो, पावसाळ्यात विसरतो. आणि त्याच दयेच्या कुंड्यात अळ्या वळवळत होत्या. घरांमध्ये फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा आणि उन्हाळ्यानंतर न उपसलेला कूलर. व्यापारी मंडळींच्या गोदामांवर झाकलेल्या ताडपत्र्यांच्या घड्यांत पाणी, मागच्या अंगणात टाकलेले टायर, रिकामे डबे. एक कुटुंब पुण्यास गेलेले. त्यांच्या बंद घरातील कमोडमध्येही अळ्या होत्या.

येथेच खरा प्रश्न उभा राहिला. कुंडे जमिनीवर पालथे केले तर त्यातील अळ्या मरणार. फवारणी नको म्हणणाऱ्यांनी हे कोणत्या तोंडाने करावे? काही दिवस मी अस्वस्थ होतो. अखेर महासतीजींना विचारले. त्या म्हणाल्या, ‘हे प्रायश्चित्ताचे काम आहे, उत्सवाचे नाही. पण विराधना पालथे करताना सुरू झाली नाही; कुंडे विसरले तेव्हाच सुरू झाली.’ तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाचा उल्लेख आहे, तो मी अनेकदा वाचला होता. त्याचा व्यवहारातील अर्थ त्या दिवशी कळला. म्हणून आम्ही नियम केला की साप्ताहिक तपासणी ही केवळ खातरजमा. मुख्य काम रोजचे. पक्ष्यांचे कुंडे रोज सकाळी घासून, कोरडे करून, ताजे पाणी भरायचे, म्हणजे अळी धरण्यास अवधीच मिळत नाही. घासणे आवश्यकच, कारण एडिसची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की उबतात. नुसते पाणी ओतून दिल्याने काम भागत नाही.

पाण्यात गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडावेत, अशीही सूचना आली. आरोग्य खात्याची ती मान्य पद्धत आहे. गंबुशिया तर आपल्या देशात 1928 साली आणला गेला. पण एका जीवाचे भक्ष्य म्हणून दुसरा जीव पुरविणे आमच्या मंडळींना रुचले नाही. टाकीला घट्ट झाकण आणि संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला नायलॉनची बारीक जाळी, एवढ्याने ते काम होते. खर्च म्हणाल तर एका जाळीचे दहा-वीस रुपये.

जाळीवरून एक इतिहास आठवतो. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाचा शोध घेऊन घराघरांतील विहिरींकडे बोट दाखविले. विहिरी बंद करण्यास अनेक समाजांनी धार्मिक कारणांवरून विरोध केला. याच वादातून रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकश्रद्धांवर 1918 साली एक ग्रंथच लिहिला. विहीर झाकून पाणी काढण्यापुरते बारीक जाळीचे दार ठेवावे, हा त्या काळी निघालेला मध्यम मार्ग. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजाला गाळण्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. आपल्या काळातील उदाहरण नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाचे. तेथे घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत जिरविले, उघडी गटारे नाहीशी झाली आणि त्याबरोबर डासही हटले. पुढे हा ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला.

आमच्या गल्लीतील कामात अडचणी आल्याच. ‘दुकान सोडून आम्ही डबे पालथे करत हिंडायचे का?’ असे एका शेठजींनी विचारले. मी म्हणालो, ‘घरात एक डेंग्यूचा रुग्ण झाला तर दुकान किती दिवस बंद राहते, त्याचा हिशेब तुम्हीच करा.’ पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा वही घेऊन आमच्याबरोबर होता. एडिस फार दूर उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या टापूतच वावरतो. म्हणून एक गल्ली जागी झाली तरी फरक पडतो. मात्र एकच घर निष्काळजी राहिले तर सर्वांची मेहनत वाया जाते.

लहान साध्वीजी उपचारांनी बऱ्या झाल्या. आजारपणात त्यांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, असे वैद्यकीय सूत्र आहे, कारण रुग्णाला चावलेला डासच रोग पुढे नेतो. हे ऐकल्यावर त्यांनी आनंदाने संमती दिली. स्वतःच्या सुखासाठी नव्हे, दुसऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून. डास गावातून नाहीसे झाले असा दावा मी करणार नाही. पण त्या पर्युषणानंतर आमच्या गल्लीत नवा रुग्ण निघाला नाही, आणि खासगी कंत्राटदारालाही बोलवावे लागले नाही. साथ भडकली तर मात्र आरोग्य खात्याच्या कामात अडथळा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाचे प्राण हेही प्राणच आहेत. आपले कर्तव्य एवढेच की ती वेळ येऊ देऊ नये.

बंधू-भगिनींनो, संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या क्षमेला वर्षभराच्या दक्षतेची जोड असावी. आपापल्या संघाने रविवारची एक वही सुरू करावी. गोदामाची ताडपत्री ताणून बांधावी, टायर छपराखाली न्यावेत, बंद घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी आणि टाकीचे झाकण आज सायंकाळीच पाहून घ्यावे.

जय जिनेंद्र.