मेहुण्यांचं इंजिन

समुद्रसपाटीपासून 3,000 फुटांपेक्षा उंच असलेल्या पन्हाळ्यावर बसून बोटीच्या इंजिनाची काळजी करणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. आमचे हे मेहुणे मालवणचे. डिझेल इंजिनाची मासेमारी होडी हा त्यांचा संसार. दर वर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणजे मासळीला बाळंतपणाची रजा आणि मेहुण्यांना सक्तीची. त्यातले आठ-दहा दिवस ते आमच्याकडे काढतात.

पाहुण्याला गड दाखवणं हे पन्हाळकराचं कर्तव्यच. तीन दरवाजापाशी उभं राहून मी त्यांना 1660 सालचा सिद्दी जौहरचा वेढा रंगवून सांगितला.

"किती म्हयने होतो?" त्यांनी विचारलं.

"चार."

"आमचो दोनच म्हयन्यांचो," ते म्हणाले आणि महाराजांविषयी त्यांना एकदम आपुलकी वाटू लागली.

इतर पाहुणे पन्हाळ्याला धुकं बघायला येतात. हे धूर बघतात. वाघबिळाकडून धापा टाकत वर आलेली प्रत्येक एसटी यांच्या दवाखान्यातली पेशंट. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर आत पाणी शिरलंय. आता जुलैतल्या पन्हाळ्यावर सगळंच पांढरं. त्यामुळे गडावरच्या एकूण एक गाडीत पाणी शिरलंय, असं त्यांचं ठाम मत झालं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आत हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानेच तापते. मग त्यात डिझेलचा फवारा सोडला की भडका. आमच्या हेडकॅशियरचा स्वभाव मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला.

या शोधाचा जनक रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला जाताना रात्री आगबोटीवरून नाहीसा झाला, ही माहिती मी मोठ्या उत्साहाने पुरवली. मेहुणे गंभीर झाले. म्हणाले, "आगबोट म्हणजे वाफेवरची ना? मग!"

रोज रात्री मालवणला फोन. मुलांची चौकशी दुसरी. पहिला प्रश्न, "इंजिन हाताने फिरवलं का?" पडून राहिलं की रिंगा गंजून चिकटतात म्हणे. होडी झापांनी शाकारण्याआधी इंजिनात गोडं पाणी फिरवून मीठ धुवायचं, जुनं ऑइल काढून नवं भरायचं, डिझेलची टाकी काठोकाठ भरायची. एवढं कोडकौतुक आमच्या जावयाचंही होत नाही, असं मी एकदा हसत म्हणालो. मेहुणे हसले नाहीत.

"भावोजी, तुमची गाडी बंद पडली तर तुम्ही उतरून धक्का मारता. आम्ही कुठे उतरणार?"

मग त्यांनी सांगितलं. एका वर्षी टाकी अर्धीच ठेवली होती. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी साचलं. हंगामाच्या सुरुवातीलाच ते पाणी फिल्टरपर्यंत पोचलं आणि रात्री इंजिन बंद. वारा खडकांच्या दिशेने, नांगर धरीना, होडीत चार माणसं. तोंडात बॅटरी धरून यांनी फिल्टर उघडला, पाणी काढलं. पण तेवढ्यात पाइपांत हवा शिरली, आणि हवा शिरली की डिझेल पुढे जात नाही. स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबेपर्यंत मारायचा.

"खडकावर फुटणारी लाट ऐकू येत होती. मी बुडबुडे मोजत होतो."

पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही. मेहुणे समोर बसलेले होते, तेवढं पुरे होतं.

त्या रात्री पावसाने फोन लागेना. मेहुणे ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले. इंजिनाने एक दिवस कळ काढली असती, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही असावं. मी काही बोललो नाही. त्यांच्याबरोबर फेऱ्या मारल्या.

पहाटे वहिनींचाच फोन आला. मेहुणे 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, "फिरवलंय. आता झोपा."