पायांनी पाहिलेलं फोर्ट कोची

फोर्ट कोचीत उतरलं की रिक्षावाले पुढं येतात. "दोन तासांत सगळं दाखवतो," म्हणतात, आणि दाखवतातही. पण ही वस्ती गाडीतून कळत नाही. समुद्राकाठच्या मासेमारीच्या जाळ्यांपासून मट्टनचेरीच्या ज्यू टाउनपर्यंत फार तर तीन किलोमीटर अंतर. चालत गेलं तर मिरीचा वास कुठं सुरू होतो, अजान कुठून येते, कोणत्या पडक्या भिंतीवर कुणी चित्र काढून ठेवलंय, हे सगळं आपोआप सापडतं.

आम्ही गेलो ते जानेवारी २०१७मध्ये, प्रजासत्ताक दिनाला जोडून सुटी काढून. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसनं एर्नाकुलम, तिथून बोटीनं फोर्ट कोची. आम्ही दोघं नवरा-बायको, अम्मी, अकरावीतली थोरली आणि सहावीतला धाकटा. निमित्त थोरलीचं होतं. बारावीनंतर चित्रकलाच शिकायची, असा तिनं हट्ट धरला होता. नातेवाईक म्हणत, चित्रं काढून पोट भरतं का? अम्मींचा आक्षेप वेगळा होता. माणसांच्या तसविरी काढणं दीनदार घरातल्या मुलीला शोभत नाही, असं त्यांना वाटे. आमचं दोघांचंही मत पक्कं नव्हतं. तिच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी सांगितलं, "कोचीला सध्या बिनाले चालू आहे. एकदा घरच्यांना घेऊन जा, मग ठरवा."

पहिली संध्याकाळ चिनी जाळ्यांपाशी गेली. सागवान आणि बांबूंचा सांगाडा, उंची दहा मीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले मोठे दगड. पाच-सहा माणसं दोर ओढतात, दगडांच्या वजनानं तोल साधतो आणि अवाढव्य जाळं पाण्यातून वर येतं. शेकडो वर्षांपूर्वी चिनी व्यापाऱ्यांबरोबर ही पद्धत आली, असं सांगतात. आमच्यासमोर जाळं वर आलं तेव्हा त्यात मूठभर मासे होते. अम्मी बंदराजवळच्या गावच्या, त्यांनी मासे पाहिले, मग ओढणाऱ्यांची संख्या मोजली आणि म्हणाल्या, "एवढ्यात सहा घरं कशी चालायची?" फोटो काढणाऱ्यांकडून मिळणाऱ्या बक्षिसीवरही आता त्यांची भिस्त आहे, हे धाकट्याला दोर ओढायला बोलावलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गेलो. १५२४मध्ये कोचीत वारलेल्या वास्को द गामाला इथं पुरलं होतं. १५३९मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता कठडा घातलेली रिकामी जागा आहे. मुलांना पुस्तकातला 'सागरी मार्ग शोधणारा' माहीत होता. १५०२मध्ये याच गामानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज मलबारच्या समुद्रात बायकामुलांसह जाळलं, हे आम्ही त्यांना तिथं सांगितलं. धाकटा बराच वेळ गप्प होता.

त्या दिवशी जुम्मा होता. कोचंगाडीच्या चेंबिट्टपळ्ळीत, म्हणजे तांब्याच्या छपराच्या मशिदीत, पुरुष मंडळी नमाजला गेली. लाकडी काम, उतरतं छप्पर. कोकणातल्या एखाद्या जुन्या मशिदीत आल्यासारखं वाटलं. आपण कोकणी मुसलमान शाफई आणि केरळचे बहुसंख्य मुसलमानही शाफई. दोन्ही किनाऱ्यांवर अरब व्यापारी याच समुद्रातून आले, त्याची ही खूण. मट्टनचेरीत कच्छी मेमन आहेत, दखनी बोलणारे आहेत, गुजराती, तमिळ, जैन आहेत. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेले कोकणी सारस्वत आहेत. एका पापड-लोणच्याच्या दुकानात मालकीणबाईंनी अम्मींना विचारलं, "तुम्मी खंयचे?" अम्मी चमकल्या. "आमी रत्नागिरीचे," म्हणाल्या आणि पुढची पंधरा मिनिटं दोघी बोलत बसल्या. निम्मे शब्द जुळत होते, उरलेले हातवाऱ्यांनी.

शनिवारी अॅस्पिनवॉल हाउस. १८६७मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी व्यापारी कंपनीची ही समुद्राकाठची वास्तू. इथून खोबरेल, मिरी, लाकूड परदेशी जाई. १२ डिसेंबर २०१२ला पहिली कोची-मुझिरिस बिनाले भरली, तेव्हा ती कलेचं मुख्य ठिकाण झाली. बिनाले उभी करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघंही केरळचे आणि दोघंही मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले. हे वाचून थोरलीनं आमच्याकडे असं पाहिलं की आम्हाला हसू आलं.

एका लांबलचक गोदामात गुडघ्याएवढं समुद्राचं पाणी भरलं होतं. भिंतींवर कवितेच्या ओळी, आणि त्या वाचायच्या तर पाण्यातून चालत जायचं. चिलीचे कवी राऊल झुरिता यांची ही कलाकृती, नाव 'दुःखाचा समुद्र'. १९७३च्या लष्करी उठावानंतर त्यांना पकडून जहाजात कोंडलं होतं. २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या सीरियन मुलाचं शव सापडलं. तो फोटो जगानं पाहिला. त्याच बोटीत बुडालेल्या त्याच्या भावाचा, गालिपचा, तसा फोटो कुणी पाहिला नाही. कलाकृती गालिपला अर्पण केलेली होती.

आम्हाला वाटलं अम्मी बाहेर थांबतील. त्यांनी चपला काढल्या, साडी वर खोचली, थोरलीचा हात धरला आणि पाण्यात उतरल्या. थोरली हळू आवाजात अर्थ सांगत होती. टोकाला पोचल्यावर अम्मींनी 'इन्ना लिल्लाही' म्हटलं. येताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

बाहेर झाडाखाली पाय सुकवत बसल्यावर त्यांनी विचारलं, "यात त्या पोराची तसवीर कुठंच नव्हती ना?"

"नाही, दादी."

"तरी तो दिसला." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हिला शिकायचंय ते असलं काही असेल, तर शिकू द्या. पोटाचं काय ते तुम्ही बघा."

पोटाचा प्रश्न आमच्याकडे राहिला, आणि उत्तर रविवारी ज्यू टाउनमध्ये थोडंसं सापडलं. १५६८च्या परदेशी सिनेगॉगमध्ये चिनी निळ्या-पांढऱ्या फरशा पाहून गल्लीत आलो, तर एका दुकानाच्या खिडकीशी नव्वदी ओलांडलेल्या सारा कोहेन बसल्या होत्या. त्यांच्या भरतकामाचं दुकान प्रसिद्ध. नजर आणि बोटं थकल्यावर ते दुकान आणि त्यांची देखभाल एका मुस्लिम शेजाऱ्यानं सांभाळली. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण बयानात ऐकतो. तिथं तो रोजच्या कामात दिसला. गोधड्या शिवण्यात आयुष्य घालवलेल्या अम्मी काचेमागचे टाके निरखत राहिल्या. सारा कोहेन २०१९मध्ये वारल्या.

थोरली पुढं कापडावरच्या नक्षीचं शिकली. कमाई फार नाही, पण स्वतःची आहे, आणि घरखर्चात तिचा वाटा असतो. नातेवाईकांचे प्रश्न अजून संपलेले नाहीत.

कोचीला जाणार असाल तर एवढं करा. डिसेंबर ते मार्च ऊन सोसवतं. शुक्रवार-शनिवारी सिनेगॉग पाहता येत नाही. चालताना भिंतीवरची चित्रं पाहाच, पण बाजार रस्त्यावर पोती वाहणाऱ्या हमालांकडेही पाहा. मसाल्याचं एकेक गोदाम कॅफे किंवा कलादालन होतंय. वस्ती देखणी होते, तसं तिथलं भाडंही वाढतं, आणि पोती कमी झाली की हमालाची मजुरी जाते. म्हणून सुंठ, मिरी, वेलची तिथल्या जुन्या दुकानातूनच घ्या, घासाघीस न करता.