उलाळ

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यास बैलगाडी कशी भरावी हे कुणी शिकवावे लागत नाही. कांद्याच्या गोण्या मागे अधिक लागल्या की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. पुढे अधिक लागल्या तर सारा भार मानेवर येऊन बैल थकून जातात. म्हणून जाणता गाडीवान जू हाताने उचलून पाहतो, एखादी गोणी वीतभर सरकवतो आणि मगच बैल जुंपतो. आता ट्रॅक्टर आले, गाड्या कमी झाल्या. पण ‘उलाळ’ हा शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे, हे बरे आहे.

या शब्दाचा आम्हांस अलीकडे अगदी वेगळ्या ठिकाणी उपयोग झाला. आमचा एक पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो. त्यास फॉइल बोर्डाचा नाद लागला आहे. माणूस उभा राहील एवढी फळी, तिच्या बुडाशी खाली पाण्यात जाणारा उभा दांडा आणि दांड्याच्या टोकाशी विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा व मागचा लहान. वेग आला की पुढच्या पंखामुळे सारी फळी पाण्याच्या वर उचलली जाते आणि माणूस लाटेला न शिवता तरंगत जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन असल्यामुळे एवढासा पंख माणसाचा भार पेलतो. युक्ती तशी जुनीच आहे. इटलीच्या फोर्लानिनी यांनी 1906 साली माज्जोरे सरोवरावर अशी नौका चालवली होती आणि टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या नौकेने 1919 मध्ये कॅनडात ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला होता. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर शिडाची फळी आणि पतंगाची फळी, दोन्ही शर्यती अशा पंखांवरच झाल्या.

पुतण्याची तक्रार एवढीच होती की फळी उचलली जाताच तिचे नाक आकाशाकडे जाते आणि तो पाठीवर आपटतो. आम्ही म्हटले, “अरे, तुझी गाडी उलाळ झाली आहे!” तो हसला खरा, पण गोष्ट तीच होती. पंखाची उचल ज्या बिंदूवर येते, त्याच्या बरोबर वर उभ्या माणसाचा भार यावा लागतो. दांडा फळीच्या खाचेत पुढे बसवला की उचल पुढच्या पायाखाली येते व नाक वर जाते; मागे सरकवला की फळी नाक खाली घालू पाहते. दांडा एका वेळी सेंटिमीटरभरच हलवावा आणि पाण्यावर जाऊन पाहावे, हीच त्याची रीत. शिवाय वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते; म्हणजे सावकाश जाताना जुळलेला तोल वेगात पुन्हा बिघडतो, आणि तेव्हा पुढच्या पायावर भार वाढवावा लागतो. तसे न केल्यास पंख पाण्याबाहेर येतो, उचल एकदम नाहीशी होते आणि स्वारी खाली येते. गोण्या निदान जागच्या जागी राहतात. इथे गोणीही आपण आणि गाडीवानही आपणच.

आमच्या तरुणांना या फळीची चित्रफीत दाखवली, तेव्हा एकाने विचारले, “फादर, आपल्या डिंभ्याला हे का नको?” प्रश्न गैर नव्हता. घोड नदीवरचे ते पाणी विस्तीर्ण आहे. पण त्या पाण्यावर तोल सांभाळणारी माणसे आधीपासून आहेत. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगावच या धरणात बुडाले. कारभार चालतो घोडेगावातून. ज्यांची शेते गेली त्यांत बहुतेक महादेव कोळी. नावात कोळी असले तरी ही डोंगरची माणसे. भात पिकवावा, हिरडा गोळा करावा, हा त्यांचा व्यवसाय. जाळे त्यांच्या हाती आले ते शेत पाण्याखाली गेल्यावर. मासेमारीचा हक्क मिळावा, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेता यावे, यासाठी ‘शाश्वत’ संस्थेसह त्यांनी दीर्घकाळ खटपट केली. 2012 मध्ये त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

होडी नसलेला माणूस ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकतो. पहाटे आम्ही काठावर उभे राहून हे पुष्कळदा पाहिले आहे. ट्यूबला ना दांडा, ना पंख. सरकवायचे तर फक्त स्वतःलाच. जाळे एका बाजूने ओढताना तो आधी अंग दुसऱ्या बाजूला टाकतो आणि मग हात चालवतो. जड कटला लागला की ओढणे थांबवून तो क्षणभर नुसता बसून राहतो. उभा तर तो कधीच राहत नाही. पुतण्या पडतो तेव्हा त्याच्या अंगात तरंगते जाकीट असते, आणि तो हसत पुन्हा फळीवर चढतो. ट्यूबवाल्याच्या पायाशी मात्र जाळे असते, थंडीचे पाणी असते आणि काठ लांब असतो.

आम्ही त्या तरुणास एवढेच सुचवले की फळीचा विचार अवश्य करावा, पण आधी ट्यूबवाल्यांसाठी जाकिटे किती लागतील ते मोजून यावे. तो दुसऱ्या रविवारी वही घेऊन आला. तिच्यात जाकिटांचा आकडा होता, आणि त्याखाली कुणाची ट्यूब किती ठिकाणी ठिगळलेली आहे तेही त्याने लिहून आणले होते.